पेशीक इचार

लोबो सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या पोटावर सहा अंडी बांधलेली होती.

ऐंशी सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. साताऱ्याकडचा मी, मालवणच्या कॉलेजात मराठी शिकवायला नुकताच रुजू झालो होतो आणि प्राचार्य परुळेकर मला इमारत दाखवत होते. प्राणिशास्त्राच्या वर्गापाशी पोचलो तर आत पन्नाशी उलटलेले एक किडकिडीत गृहस्थ खुर्चीत बसून शिकवत होते. हाताच्या काड्या, लांब मान, आणि शर्टाच्या आत पोटाशी मात्र भलामोठा फुगवटा. एवढ्याशा माणसाला एवढं पोट कसं, ह्याचा मी विचार करतोय तोच प्राचार्य दारातूनच म्हणाले, "लोबो, उभं राहून शिकवायचं असतं. किती वेळा सांगायचं?"

लोबो सर बसल्या बसल्याच अदबीने म्हणाले, "सर, वीज गेली आहे. मी उभा राहिलो तर सहा जण फुटतील."

वर्गात एकही विद्यार्थी हसला नाही. त्यांना सवय असावी. प्राचार्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि मला पुढे नेलं. "गुणी माणूस आहे," ते म्हणाले. दहा पावलं चालल्यावर म्हणाले, "पण कठीण आहे."

लायब्ररीच्या मागे, माडांच्या बाजूला, लोबो सरांची एक खोली होती. तिथे एका लाकडी पेटीत दिवा जळत असे आणि त्या दिव्याच्या उबेवर कोंबडीची अंडी ठेवलेली असत. मालवणात तेव्हा वीज कधी जाईल ह्याला धरबंध नव्हता. वीज गेली की लोबो सर जुन्या मफलरात अंडी गुंडाळत आणि शर्टाच्या आत पोटावर बांधत. मग तास असो, स्टाफरूम असो की प्राचार्यांची मीटिंग, अंडी बरोबर. एकदा चर्चमध्येसुद्धा ते तसेच गेले आणि सगळे गुडघे टेकत असताना एकटेच ताठ बसून राहिले.

मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. ते माणसांना विषयाच्या नावाने ओळखत. मी "मराठी". भूगोलाचे सर "भूगोल". प्राचार्य मूळचे वाणिज्य शाखेचे, म्हणून ते पाठीमागे "कॉमर्स". "रे मराठी, त्या भूगोलाक सांग, कॉमर्स तेका सोधता," असा निरोप मी पहिल्याच आठवड्यात पोचवला होता. प्राचार्यांच्या ऑफिसात शिरलं की मात्र त्यांच्या तोंडी अशी शुद्ध मराठी येई की माझीच मला लाज वाटायची.

आणि त्यांचं ते वाक्य. स्टाफरूममध्ये कशावरूनही वाद निघो, कॅन्टीनचा चहा चांगला की वाईट, गावात नवा आलेला साबण कसा, कोणत्या कंपनीची शाई बरी, लोबो सर कोपऱ्यातून मान वर करून म्हणत, "माका इचारू नको. पेशीक इचार."

बोलून थांबले असते तर गोष्ट वेगळी. ते खरंच विचारत.

विचारण्याची रीत मी त्यांच्याकडे उभा राहून पाहिली आहे. अंडं आठ दिवसांचं झालं की ते त्याच्या कवचाला नखाएवढी खिडकी कापत. आत, वाढणाऱ्या पिल्लाच्या वर, एक पातळ पडदा असतो. त्यावर तांबड्या रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलेलं असतं. जी वस्तू तपासायची तिचा कण किंवा थेंब त्या पडद्यावर अलगद ठेवायचा, खिडकी मेण लावून बंद करायची आणि वाट पाहायची. वस्तू जिवंत पेशींना मानवली तर रक्त वाहतं राहतं, नव्या वाहिन्या फुटतात, त्या वस्तूला कवेत घेतात. मानवली नाही तर तिथला पडदा पांढरा पडतो.

"आम्लात घाल, तापय, वजन कर, कायव कर," ते मला म्हणाले. "वस्तू कशी आसा तां तुका कळतला. पण जित्या जिवाबरोबर तिचा जमतला काय नाय, तां जित्या जिवाकच इचारूक व्हया. दुसरो उपाय नाय रे."

ह्याच पद्धतीने त्यांनी प्राचार्यांना दुखवून ठेवलं होतं. सत्तावन्नाव्या वर्षी प्राचार्यांचे केस कोळशासारखे काळे होते. एका दुपारी स्टाफरूममध्ये त्यांनी सहज सांगितलं की आपण वापरतो तो कलप अगदी निर्धोक आहे. प्राचार्यांच्या न्हाव्याला गाठून लोबो सरांनी त्या कलपाचे दोन थेंब मिळवले. तिसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या टेबलावर रीतसर आवक क्रमांक पडलेला एक कागद आला: "महोदय, आपण वापरीत असलेल्या कलपाची तपासणी केली. केसांची हरकत दिसत नाही. पेशींचा मात्र स्पष्ट नकार आहे. माहितीसाठी सविनय सादर."

पुढे पंधरा दिवस प्राचार्य टोपी घालून येत होते.

पण कलप आणि साबण ही फावल्या वेळची मौज. लोबो सरांचं खरं काम कोळंबीच्या सालांवर चालायचं.

मालवणात कोळंबीच्या सालांना काय तोटा? सुभद्रा नावाची गाबतीण बाजारात मासे विकायची. ती रोज सोललेल्या कोळंबीची सालं टोपली भरून आणून द्यायची. गावठी अंडीही तिचीच. सालं धुवायची, सौम्य आम्लात भिजवून त्यांतला चुना काढायचा, मग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळायची. उरतो तो पांढरा, हलका भुगा. तो आणखी कडक कॉस्टिकमध्ये शिजवला की विनेगरमध्ये विरघळतो. ते दाट पाणी काचेवर ओतून सुकवलं की एक पारदर्शक पापुद्रा सुटून येतो, कांद्याच्या सालीहून पातळ. विनेगर त्यांच्या घरचं, माडाच्या सुरेचं.

ह्या सगळ्या खटाटोपाचा वास लायब्ररी ओलांडून थेट माझ्या वर्गापर्यंत यायचा. मी शृंगाररस शिकवत असताना मुली पदर नाकाला लावून बसत.

"कशासाठी हे, सर?" मी एकदा विचारलं.

"पट्टी व्हयी," ते म्हणाले. "भाजलेल्यार लावूक. काढूची लागणा नाय अशी."

"काढायची नाही? मग तिचं होणार काय?"

"खाली नवी कातडी येयत जातली, आणि ही पट्टी आपसूक विरघळान जातली. शरीर तिका खावन टाकतला. पण आदी पेशी हिका आपली म्हणूक व्हयी." 

मी आणखी काही विचारणार होतो. त्यांनी हात झटकला. "मराठी, तू कविता शिकय जा."

पेशी मात्र आपलं म्हणायला तयार नव्हत्या. मी त्यांच्याकडे येऊ-जाऊ लागलो तेव्हा ह्या कामाला दोन वर्षं झाली होती आणि प्रत्येक अंड्याचा शेवट तोच होता. पापुद्रा ठेवला की दोन दिवसांत भोवतालचा पडदा पांढरा. लोबो सर अंडं मेलं असं कधी म्हणत नसत. भिंगातून बराच वेळ पाहत, वहीत लिहीत, आणि आम्हाला सांगत, "नाय म्हणाली." आवाज असा, की एखाद्या स्थळाकडून नकार आलाय.

त्यातच प्राचार्यांनी त्यांना बोलावून सांगितलं की वार्षिक परीक्षा संपल्या की ती खोली रिकामी करावी लागेल. तिथे टायपिंगचा वर्ग सुरू करायचा होता. आणि टायपिंगला, प्राचार्य म्हणाले, वास येत नाही.

लोबो सर माझ्याकडे आले आणि पहिल्यांदाच खुर्ची न घेता उभे राहिले. पोटावर अंडी नव्हती. "मराठी, तुझा अक्षर बरा. येक पत्र लिव्ह."

मुंबईच्या एका संशोधन संस्थेतल्या डॉक्टर पेंडसे बाईंना ते पत्र होतं. बाई जिवंत पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांवर निरनिराळे पदार्थ तपासत. लोबो सरांनी त्यांचं नाव कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. महिन्याभराने उत्तर आलं. चार ओळींचं, कोरडं. असल्या तपासणीला निर्जंतुक खोली लागते, अनुभवी माणसं लागतात, तालुक्याच्या कॉलेजात ते जमेल असं वाटत नाही. तरी मार्चमध्ये कामानिमित्त गोव्याला जायचं आहे, वाटेत तासभर थांबून पाहीन.

"येतली!" लोबो सर पत्र नाचवत म्हणाले. मग खाली बसले. "आणि येवन काय बघतली?"

फेब्रुवारीत वीज दोन दिवस गेली. खारेपाटणाच्या बाजूला कुठे तरी बिघाड झाला होता. पेटीत दीड डझन अंडी, आणि लोबो सरांचं पोट एकच. सुभद्रा सालांची टोपली घेऊन आली, तिने मफलरात अंडी कोंबणारे सर पाहिले आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मास्तरानू, ह्या काय?"

"वीज नाय गो."

ती तशीच गेली आणि अर्ध्या तासाने दुसरी टोपली घेऊन आली. टोपलीत तिची खुडूक बसलेली तांबडी कोंबडी. "ही राणी," सुभद्रा म्हणाली. "हिका बसवा. तुमच्या पोटापेक्षा हिका सवय आसा."

त्या दिवसापासून राणी प्रयोगशाळेची झाली. खिडकी कापण्याआधीचे आठ दिवस अंडी राणीकडे, पुढचे पेटीत. राणी खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकावर धावून जायची. लोबो सर तिच्यावर खूश होते. जंतू आत येत नाहीत, म्हणत.

त्याच दिवशी सुभद्रा जायला निघाली आणि पाण्याने भरलेल्या टबापाशी थबकली. टबात पापुद्रे तरंगत होते. "ह्यां कित्याक भिजत घातलास?"

लोबो सरांनी तिला समजावलं. पापुद्र्यात विनेगरचा आंबटपणा राहतो, तो मारायला कॉस्टिकच्या पाण्यात बुडवायचं, आणि मग ते कॉस्टिक जावं म्हणून दिवसभर स्वच्छ पाण्यात ठेवायचं.

"सुको बांगडो भिजत घालतास तेव्हा पाणी कितके वेळा बदलतास?"

"चार-पाच वेळा."

"आणि ह्येचा?"

"येकदाच. पण टब केवढो मोठो बघ."

"टब मोठो आसलो म्हणान काय झाला?" सुभद्रा म्हणाली. "टबातला पाणीच खारट झाल्यार मगे खार जातलो खंय?"

लोबो सर स्टुलावर बसले. सुभद्रा निघून गेली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. शेवटी माझ्याकडे वळले. "मराठी, मी एम.एस्सी. आसंय," ते म्हणाले, एवढ्या नवलाने की ती बातमी त्यांनाही नवीन असावी. "दोन वर्सां मी पट्टीक दोष देय होतंय. ती बिचारी बरी होती. मीच तिका धुवक नाय."

पुढचे तीन दिवस खोलीत फक्त पाणी बदलण्याचा आवाज. दर तासाला नवं पाणी. सर तास घ्यायला गेले की पाण्याची जबाबदारी माझ्यावर. मी बादल्या उपसत असताना भूगोलाचे सर दारातून डोकावून म्हणाले, "काय हो, मराठी विभाग धुण्याला लागला?" लिटमसचा कागद रंग बदलायचा थांबला तेव्हा कुठे सरांनी पापुद्रे बाहेर काढले.

चार दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, मी वर्गात अलंकार शिकवत होतो. व्हरांड्यातून धावत येणाऱ्या अनवाणी पावलांचा आवाज आला आणि लोबो सर दारात उभे राहिले. चष्मा कपाळावर, हातात चिमटा.

"होय म्हणता!" ते ओरडले. "मराठी, होय म्हणता रे! चल!"

मी वर्ग सोडून धावलो. माझ्या मागे वर्ग धावला. राणीने पंख फुलवून पहिल्या रांगेला अडवलं, पण मी भिंगापाशी पोचलो. मला शास्त्रातलं काही कळत नाही. पण जे दिसलं ते कळायला शास्त्र लागत नव्हतं. पापुद्र्याचा चौकोन जागच्या जागी होता, भोवतालचा पडदा ताजा, ओला, आणि चारी बाजूंनी केसासारख्या तांबड्या वाहिन्या त्याच्या कडेवर येऊन पोचल्या होत्या. एक तर खालून गेलेली दिसत होती. आणि प्रत्येक ठोक्याला तिच्यातलं रक्त पुढे सरकत होतं.

"दिसता?" लोबो सर माझ्या कानाशी कुजबुजले. मोठ्याने बोललो तर पेशी विचार बदलतील अशी त्यांना भीती वाटत असावी.

मार्चमध्ये पेंडसे बाई आल्या. बारीक चणीच्या, करड्या साडीतल्या, हातातलं घड्याळ बघण्याची सवय असलेल्या. प्राचार्य ताज्या कलपानिशी स्वागताला. आम्ही सगळे त्या खोलीत शिरलो आणि राणी बाईंच्या पायावर धावून आली.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"आमचा इन्क्युबेटर, मॅडम," लोबो सर शुद्ध मराठीत म्हणाले. "स्वभावाने जरा उष्ण आहे."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पापुद्रा चिमट्याने उचलून उजेडात धरला, वास घेतला, वही मागितली. वहीत दोन वर्षांचे सगळे नकार लिहिलेले होते, एकही गाळलेला नाही. ते वाचायला त्यांनी बराच वेळ घेतला. घड्याळाकडे पाहिलं नाही, हे मी बघितलं.

"तुलनेसाठी काय ठेवलंत?" त्यांनी विचारलं. "नुसती खिडकी कापलेलं अंडं? काही नक्की अपाय करणारा पदार्थ?"

"सगळं आहे, मॅडम." सरांनी एकेक अंडं पुढे केलं. "ह्यात फक्त खिडकी. ह्यात स्वच्छ काचेचा तुकडा, पेशी त्याला काही म्हणत नाहीत. आणि ह्यात विष."

बाईंनी तिसऱ्या अंड्यात डोकावून पाहिलं. "बाप रे, सगळं मेलंय. कसलं विष हे?"

लोबो सरांनी तोंड उघडलं. मी खोकलो. इतका खोकलो की भूगोलाच्या सरांनी माझ्या पाठीवर थोपटलं. प्राचार्यांचा चेहरा केसांच्या विरुद्ध पांढरा पडला होता.

"बाजारात मिळतं, मॅडम," लोबो सर अखेर म्हणाले. "नाव सांगण्यासारखं नाही."

मग बाई सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या. एक अंडं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला त्यांनी पदर खोचला. दोन सोडून सगळ्या अंड्यांनी पट्टीला होकार दिला होता. बाईंनी भिंगावरून डोळा उचलला आणि लोबो सरांकडे वळल्या. "सर, पत्रात मी लिहिलं होतं की इथे हे जमणार नाही. ते मी मागे घेते."

लोबो सर राणीकडे बघू लागले.

बाईंनी पापुद्रे निर्जंतुक बाटलीत भरून घेतले. ते त्या मुंबईला कातडीच्या पेशींवर तपासणार होत्या. निघताना एका अंड्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्याची खिडकी मेणाऐवजी पट्टीनेच बंद केलीत वाटतं? आता उघडून टाकणार ना?"

"नाही, मॅडम. राहू दे म्हणतो. पुढे काय होतं बघू."

"खिडकी कापलेलं अंडं बहुधा उबत नाही, सर."

"विचारून बघतो," लोबो सर म्हणाले.

ही बातमी कशी फुटली कोण जाणे, पण त्या अंड्याच्या एकविसाव्या दिवशी, पिल्लू बाहेर यायच्या दिवशी, सकाळपासून ती खोली, व्हरांडा आणि मागचं माडांचं अंगण माणसांनी भरून गेलं. विद्यार्थी खिडक्यांवर चढले होते. सुभद्रा बाजार सोडून आली होती, आणि तिच्याबरोबर आणखी चार गाबतिणी. प्राचार्यांनी पेटीपुढे खुर्ची टाकली होती आणि ते दर पाच मिनिटांनी विचारत होते, "काही हालचाल?"

साडेदहाला टक् असा आवाज आला. लोबो सरांनी हात वर केला. सगळं कॉलेज गप्प झालं. अंड्याच्या जाड टोकाला एक चीर गेली, मग थांबली. पुन्हा टक्. दुपारचा एक वाजला. कोणी जेवायला गेलं नाही. प्राचार्यांनी टायपिंगच्या मशिनांसाठी आलेल्या माणसाला हातानेच परत पाठवलं.

पावणेदोनला कवचाचं टोपण उचललं गेलं आणि एक ओलं, वाकडं, थकलेलं पिल्लू बाहेर पडलं. पट्टीची खिडकी त्याने जशीच्या तशी सोडली होती, बाजूने वाट काढली होती. ते क्षणभर निपचित पडलं. मग मान उचलून एवढ्या मोठ्याने चिवचिवलं की खिडकीवरचा एक मुलगा खाली पडला.

जो गलका उठला तसा मी त्या कॉलेजात नंतर कधी ऐकला नाही. सुभद्राने लोबो सरांच्या पाठीवर जोरात थाप मारली. "मास्तरानू, जितलास!" भूगोलाच्या सरांनी मला मिठी मारली. राणी टोपलीतून उतरली, गर्दीतून वाट काढत आली आणि पिल्लाला पंखाखाली घेऊन सगळ्यांकडे रागाने बघू लागली. प्राचार्य उठून उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "टायपिंगचा वर्ग जिन्याखाली बसेल." मग शिपायाला हाक मारून त्यांनी स्वतःच्या खर्चाने सगळ्या कॉलेजला खाजं मागवलं.

एप्रिलच्या अखेरीस पेंडसे बाईंचं पत्र आलं. ह्या वेळी तीन पानांचं. काचेच्या बशीत कातडीच्या पेशी पट्टीवर चिकटल्या होत्या, पसरल्या होत्या, वाढत होत्या. सुट्टीत लोबो सरांनी मुंबईला येऊन त्यांच्याबरोबर काम करावं, राहण्याची सोय संस्था करील. लोबो सरांनी ते पत्र मला दोनदा मोठ्याने वाचायला लावलं, त्याची नीट घडी केली आणि विचारलं, "मराठी, उद्या मोकळो आसस? शिरोड्याक जावचा आसा."

एसटीत खिडकीशी बसून त्यांनी मला ते सांगितलं, जे मला कॉलेजातल्या कोणीही कधी सांगितलं नव्हतं. त्यांची आई हयात होती, शिरोड्याला घरी. ते सात वर्षांचे असताना ती भात उकडत होती आणि उकळता हंडा तिच्या पायावर कलंडला. गुडघ्यापासून खाली सगळा पाय भाजला. तीन महिने रोज सकाळी पट्टी बदलायची. कापड जखमेला घट्ट चिकटायचं. ओढून काढलं की खाली आलेली नवी कातडी त्याच्याबरोबर सोलून यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"तिणा येक हुंदको काढूक नाय," लोबो सर म्हणाले. "येकव नाय. मी दाराआड उभो रवय होतंय. कोणाक ठावक नाय."

घर रस्त्यापासून आत, माडांत होतं. आई ओट्यावर बसली होती. ऐंशीच्या घरातली, चष्म्याच्या जाड काचा, विटलेला फ्रॉक, केस घट्ट बांधलेले. मुलाबरोबर परका माणूस बघून तिने आधी माझ्यासाठी पाणी मागवलं. लोबो सर तिच्या पायाशी जमिनीवरच बसले. खिशातून काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये ठेवलेला पापुद्रा काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"मांय, ही पट्टी मी केलंय. भाजलेल्यार लावूची. ही काढूची लागणा नाय. आपसूक जाता."

तिने तो बोटांनी चाचपला, डोळ्यांजवळ नेला. "सोलूची नाय?"

"नाय, मांय."

"मगे दुखणा नाय?"

"नाय."

आत कुठे तरी कोणी तरी भांडी घासत होतं. मग तिने हात पुढे करून मुलाच्या विरळ केसांवर ठेवला.

"तू दाराआड रडत होतंस," ती म्हणाली. "रोज. माका आयकाक येय होता. म्हणान मी वरडूक नाय."

सत्तेचाळीस वर्षं ज्या गोष्टीचा त्यांनी कोणाला पत्ता लागू दिला नव्हता असं ते समजत होते, ती तिला पहिल्या दिवसापासून माहीत होती. लोबो सरांची लांब मान खाली गेली.

म्हातारीने फ्रॉक थोडा वर घेतला. नडगीवरची कातडी अजून चुरगळलेली, चकाकती होती. तिने तो पापुद्रा त्यावर ठेवला आणि हाताने सारखा केला. वारा होता, त्याची एक कड उडू लागली. लोबो सरांनी एक बोट ठेवून ती धरली, आणि आम्ही चहा पिऊन होईपर्यंत ते बोट तिथून काढलं नाही.